पाणीचोर

फळा माझ्या डोक्यातून निघाला होता. कुणी सांगितला नव्हता, कुठल्या पुस्तकात नव्हता. गोंदियातल्या एका लहानशा डायलिसिस केंद्रात मी टेक्निशियन आहे. सहा खाटा, सहा मशिनी आणि आठवड्यातून एकदा येऊन जाणारे डॉक्टर. बाकीचे दिवस राज्य माझंच, आणि राज्य करायची मला हौस फार.

किडनी निकामी झालेल्या माणसाला लघवी जवळपास होतच नाही. तो जे पितो ते अंगात साठतं आणि दोन पाळ्यांच्या मधे वजन वाढतं. ते वजन म्हणजे पाणी. म्हणून आला की आधी काट्यावर चढवायचं, मग चार तास मशीनवर ते पाणी काढायचं, जाताना पुन्हा काट्यावर चढवायचं. मधल्या दिवसांत दोन किलोच्या आत वाढलं तर चालतं. त्याच्या वर गेलं की पाय सुजतात, दम लागतो, आणि फारच झालं तर पाणी फुप्फुसात शिरतं. हे मी प्रत्येकाला समजावून सांगायचे. समजावून म्हणजे ओरडून. माझा आवाज मुळातच खणखणीत आहे. घरी म्हणतात, हिला फोनची गरज नाही.

ओरडून भागेना म्हणून फळा लावला. सहा खाटांचे सहा रकाने. वजन दोन किलोच्या आत वाढलं असेल तर रकान्यात हिरवं पान काढायचं, जास्त वाढलं असेल तर लाल तांब्या. पेशंट हसायचे, एकमेकांना चिडवायचे, आणि खरंच काहींचं वजन ताब्यात आलं. मी स्वतःवर इतकी खूश झाले की येणाऱ्या-जाणाऱ्याला फळा दाखवायचे.

मंगळवार आणि शुक्रवारच्या पाळीत दोन नंबरच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "कोन्या गावची व बाई तू?" मी सडक अर्जुनीकडचं माझं गाव सांगितलं. त्यांची सासुरवाडी तिथून दोन कोसांवर निघाली. तेव्हापासून मी त्यांची 'बाई' झाले आणि ते माझे काकाजी. त्यांची बायको, म्हणजे काकी, चारही तास दाराबाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसायची.

काकाजींचं सगळं आयुष्य राईस मिलच्या काट्यावर गेलं होतं. गाडीतून येणारं धान तोलायचं, रिकाम्या पोत्यांचं, म्हणजे बारदान्याचं वजन वजा करायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. त्यांनी आकडा सांगितला की शेतकरी पुन्हा तोलून मागत नसे, मालकही नाही. हे ते स्वतः कधी सांगत नसत. काकी सांगायची, आणि त्या पाळीत ज्यांनी धान विकलं होतं ते सांगायचे. आमच्या काट्यावर चढण्याआधी काकाजी वाकून बघायचे, काटा शून्यावर आहे की नाही. मला त्याचा राग यायचा. माझ्या काट्यावर संशय घेणारे हे कोण?

मे महिन्यातला मंगळवार होता. काकाजी आले ते पाय सुजवूनच. वजन केलं, तर चार किलो वाढलेलं.

"काकाजी, पाणी किती प्यालात रोज?"

"दोन गिलास, बाई. मोजून."

"दोन ग्लासात चार किलो?"

"दोनच पेलो."

त्या दिवशी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. एक मशीन सकाळपासून कुरकुरत होती, कूलर नुसता गरम वारा फेकत होता, आणि आधीच्या दोघांना लाल तांब्या मिळाला होता. मी म्हटलं, पुन्हा चढा. ते पुन्हा चढले. आकडा तोच.

"आता बोला. काटा खोटं बोलतो का?"

"काटा लबाड नाही बोलत," काकाजी शांतपणे म्हणाले. "पन मी बी नाही बोलून राहिलो."

"हो का? चोराच्या उलट्या बोंबा!" माझा तो खणखणीत आवाज साऱ्या हॉलभर गेला. "जन्मभर दुसऱ्याचं तोललं आणि इथे येऊन पाणी चोरता? पाणीचोर कुठले!"

आणि मी फळ्याकडे गेले, त्यांच्या रकान्यात लाल तांब्या काढला, नेहमीपेक्षा मोठा. पाचही खाटांवरचे लोक हसले. एक नंबरचा ऑटोवाला म्हणाला, "अरे वाह, कांटेवाले ही पकड़े गए!" चार नंबरवर बिड्या वळणारी एक बाई असायची, ती तोंडाला पदर लावून हसली. दारात काकी उभी होती. तिने ऐकलं की नाही, असा प्रश्नच नाही. रस्त्यावरच्यांनीही ऐकलं असेल.

काकाजी खाटेवर आडवे झाले, हात सुया टोचायला पुढे केला आणि दुसऱ्या हाताने दुपट्टा तोंडावर ओढून घेतला. चार तास तो काढला नाही. मला वाटलं, लागलं म्हणजे कळेल.

आणि कळलंच म्हणायचं! त्या शुक्रवारी तांब्या लालच राहिला, पण पुढच्या मंगळवारी वजन वाढलं फक्त एक किलो आठशे. मी टाळ्या वाजवल्या, लाल तांब्या पुसून हिरवं पान काढलं. शुक्रवारी पुन्हा दोनच्या आत. त्याच्या पुढे पुन्हा. मी सगळ्यांना सांगायचे, काकाजींकडून शिका. एकदा तर मी त्यांना सगळ्यांपुढे विचारलं की हे जमवलं कसं, जरा सांगा यांना. ते फळ्याकडे बघत म्हणाले, "मन मारून राहाव लागते, बाई." ते वाक्य मी पुढे किती जणांना ऐकवलं याची मोजदाद नाही.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात मागे येतो. मला दिसत होतं. ते न दिसण्याइतकी मी नवखी नव्हते. मशीन सांगत होती की दोन लिटर पाणी काढलं, आणि जाताना काटा सांगत होता की वजन एकच किलो उतरलं. मी म्हटलं, मधे चहा-बिस्किट खाल्लं असेल. दर पाळीला ते घरी जात होते ते आधीच्यापेक्षा जड होऊन. मी म्हटलं, अंगावर मांस चढतंय, काकी चांगलं जेवू घालते. डॉक्टर आले तेव्हा त्यांनाही मी हेच सांगितलं, आणि त्यांनी माझ्या शब्दावर मान हलवली. बाहेर ऊन भाजत असताना हा माणूस घरी जाताना जाड बंडी अंगात घालतो, हेही मी बघत होते. मशीनवर बऱ्याच जणांना थंडी वाजते, म्हणून विचारलं नाही. खरं कारण हे की मला ते हिरवं पान हवं होतं. त्यांच्यापेक्षा जास्त मला हवं होतं.

तीन आठवड्यांनी, गुरुवारी सकाळी, त्यांची पाळी नसताना, एक ऑटो थेट पायऱ्यांपर्यंत आला. काकाजी आत ताठ बसलेले, दोन्ही हातांनी पुढची दांडी धरलेली, तोंड उघडं. पाठ टेकवली की श्वास कोंडत होता. छातीतला घर्रघर्र आवाज मला दारातूनच ऐकू आला. ऑक्सिजन लावला, डॉक्टरांना फोन लावला, एकाला थांबवून त्यांना मशीनवर घेतलं.  माणूस कोरड्या खाटेवर बुडत होता आणि फळ्यावर त्यांच्या नावाने ओळीने हिरवी पानं होती.

काकी या वेळी बाहेर थांबली नाही. खाटेशी उभी राहिली, हातात ती घडी केलेली बंडी. मशीनच्या नळ्यांमधे ती अडकू नये म्हणून मी म्हटलं, काकी, ती बाहेर ठेवा.

"राहू दे न माय," ती म्हणाली. "जातानी लागते त्याइले."

मी घाईत बंडी ओढली. ती खाली पडली आणि फरशीवर लोखंड आपटल्याचा आवाज झाला. आतल्या खिशात एक किलोचा बाट होता. दुकानात तागडीत टाकतात तसला, लोखंडी, कडा झिजून गुळगुळीत झालेला. तो खिसा हाताने शिवलेला होता, जाड दोऱ्याने, दुहेरी.

मला समजायला क्षणही लागला नाही. येताना बंडी काकीच्या पिशवीत, जाताना काकाजींच्या अंगात. जाताना एक किलो जास्त, येताना तो गायब. म्हणजे मधल्या दिवसांत वाढलेल्या वजनातून एक किलो कमी दिसणार. धान तोलताना बारदाना वजा करतात. या माणसाने जन्मभर बारदाना चोख वजा केला होता, आणि माझ्या काट्यावर तो स्वतःच्या अंगावर चढवला. मी मात्र दिसेल तेवढंच पाणी काढत राहिले. दर पाळीला एक किलो पाणी त्यांच्या अंगातच राहिलं.

"मीच शिवला खिसा," काकी म्हणाली. "त्याइनं सांगतलं, शिवून दे. म्हनाले, मले फळ्यावर चोर म्हनून नाही राहाचं."

"पण काकी, मुळात इतकं पाणी का पिऊ दिलंत?"

"कोन पाजलं पानी?" ती माझ्यावरच उलटली. "दोनच गिलास पेतेत. तू देल्ला त्याच गिलासानं. माया हातानं मोजून देतो मी."

"मग दुसरं काय घेतात? सकाळपासून सांगा."

"दुसरं का? पेज. सकाळी एक गंज, दुपारी एक गंज. आधी दिवसातून एकच डाव पेत होते. तुनं पानी बंद केलं, मंग जीव कसा राहीन? म्हनून पेज वाढवली मी." मग माझं तोंड बघून तिचा आवाज खाली आला. "पेज तं जेवन होय न, बाई?"

पेज म्हणजे तांदळाच्या कण्या भरपूर पाण्यात शिजवून केलेलं पातळ. आमच्या धानाच्या मुलखात माणूस पेजेवर वाढतो. मीही वाढले. भाताच्या रोवणीच्या दिवसांत माझी आई शेतातल्या बांधीच्या कडेला पेजेचा गंज, म्हणजे पातेलं, ठेवायची, आणि आम्ही भावंडं तोंड लावून ती प्यायचो. पोट भरायचं, ते जेवण असायचं. तिला कुणी पाणी म्हटलं असतं तर आईने वेड्यात काढलं असतं. नागपूरला शिकून आले, आणि पेशंटला विचारायचा प्रश्न मी तिथून आणला: पाणी किती, चहा किती. पेज किती, हे विचारायचं तिथे कुणी शिकवलं नव्हतं. पण मला कुणी शिकवायला हवं होतं का? सगळ्या केंद्रात ते विचारू शकणारी एकटी मीच होते.

म्हणजे काकाजी त्या मंगळवारी खरं बोलत होते. दोन ग्लास म्हणजे दोनच ग्लास. ते खरं बोलत होते तेव्हा मी त्यांना चोर म्हटलं, आणि ते खरोखरीच फसवू लागले तेव्हा टाळ्या वाजवल्या.

तासाभराने त्यांचा श्वास सुधारला. दुपारपर्यंत ते पाठ टेकवून झोपले. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, इतकं पाणी कसं काय साठलं? मी सांगितलं, पेशंट पथ्य पाळत नाही. केसपेपरवरही तेच लिहिलं, माझ्याच अक्षरात. आजही फाईलमधे ते पान आहे. बाट मी फडक्यात गुंडाळून काकीच्या पिशवीत टाकला आणि तिला म्हटलं, हे कुणाला सांगू नका. तिला वाटलं मी त्यांना वाचवतेय. मी मला वाचवत होते.

त्या आठवड्यात भिंत रंगवायची म्हणून मी फळा काढला आणि परत लावला नाही. नव्या पद्धतीने सांगायला लागले: जे सांडतं ते सगळं पाणी. पेज सांडते, ताक सांडतं, वरण सांडतं, आंबील सांडते. ते सगळं त्याच दिवसाच्या मापात धरायचं. सकाळीच एका बाटलीत दिवसाचं पाणी भरून ठेवायचं, आणि जेवणात वाटीभर पेज घेतली तर तेवढं बाटलीतून ओतून टाकायचं. मीठ कमी करा, तहान आपोआप कमी होते. फार वाटलं तर चूळ भरून थुंका. भात निथळून कोरडा खा. लोकांना ते लगेच समजतं. डॉक्टरांनी माझं कौतुक केलं, दुसऱ्या केंद्रातली एक मुलगी हे लिहून घेऊन गेली. ती लिहून घेत होती तेव्हा मी दोन नंबरच्या खाटेकडे पाठ करून उभी होते.

काकाजी सावरल्यावर एका शुक्रवारी मी त्यांच्या खाटेशी बसले. टीव्ही चालू होता. हळूच म्हटलं, "काकाजी, माझं चुकलं. तुम्ही खरं बोलत होतात. पेजेचं मला कळायला हवं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चोर म्हनलं तवा तं आवाज चांगला मोठा होता तुया."

 मी म्हटलं, सांगते, सगळ्यांपुढे सांगते, पुढच्या मंगळवारी.

मंगळवारी एक मशीन बंद पडली. शुक्रवारी डॉक्टर आले होते, त्यांच्यापुढे कसं बोलायचं? त्याच्या पुढच्या मंगळवारी मी ठरवून आले होते, आणि ऐन वेळी कपाटातल्या नळ्या मोजत बसले. चोर म्हणायला मला एक क्षण पुरला होता. मग नुसतं 'पुढच्या पाळीला' असं करत पावसाळा गेला, दिवाळी गेली.

काकाजींनी परत विषय काढला नाही. पण ते दर पाळीला एक गोष्ट करू लागले. काट्यावर चढण्याआधी माझ्या टेबलाशी यायचे आणि खिसे रिकामे करायचे. चुन्याची डबी, कंगवा, रुमाल, घराची किल्ली, बसचं तिकीट. एकेक वस्तू माझ्यापुढे मांडायची. मग दोन्ही खिशांची अस्तरं बाहेर ओढायची, चपला काढायच्या, काटा शून्यावर आहे का बघायचं आणि चढायचं. येतानाही, जातानाही. मी कितीदा म्हटलं, राहू द्या काकाजी, कशाला? ते ऐकू न आल्यासारखं करायचे. नव्या पेशंटना वाटलं, इथला नियमच आहे. तेही खिसे रिकामे करू लागले, आणि मी त्यांना नको म्हणू शकले नाही. कारण सांगावं लागलं असतं.

त्या मे महिन्यातली पाळीही बदलत गेली. ऑटोवाला पोराकडे रायपूरला गेला. दोघं वारले, एक नागपूरला भरती झाला तो परत आला नाही. डायलिसिसच्या हॉलमधे चेहरे असे बदलतात. खाट रिकामी राहत नाही, माणूस दुसरा असतो.

गेल्या मंगळवारी काकाजींनी टेबलावर किल्ली ठेवली, डबी ठेवली, आणि हॉलकडे न बघता म्हणाले, "ज्याइनं आयकलं होतं त्याइच्यातली आता चार नंबरचीच उरली, बाई."

 मी चार नंबरकडे पाहिलं. बिड्या वळणारी ती बाई, आता पार वाळलेली, डोळे मिटून पडली होती.  मी उठले. टीव्ही बंद केला. हॉलच्या मधोमध उभी राहिले आणि माझ्या त्याच आवाजात बोलले.

"सगळ्यांनी ऐका. मागच्या उन्हाळ्यात मी इथे सगळ्यांपुढे काकाजींना पाणीचोर म्हटलं होतं. ते चोर नव्हते. ते खरं सांगत होते. चूक माझी होती, त्यांना काय विचारायचं तेच मला समजलं नाही. त्या चुकीने त्यांचा जीव जाता जाता राहिला, आणि मी कागदावर त्यांचाच दोष लिहिला."

नवे चौघं माझ्याकडे बघत राहिले. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एकाने शेजाऱ्याला विचारलंही, क्या हुआ? दारात काकी पिशवी छातीशी धरून उभी होती. मी चार नंबरच्या खाटेशी गेले, तिचा हात धरला आणि विचारलं, "मावशी, तुम्ही होतात तेव्हा. ऐकलंत ना आता?"

तिने डोळे किलकिले केले, माझ्याकडे पाहिलं, काकाजींकडे पाहिलं.

"कवाचं म्हनून राहिली व तू?" ती म्हणाली. "मले तं याद बी नाही."

"मले आहे," काकाजी म्हणाले, आणि खिशांची अस्तरं तशीच बाहेर ठेवून काट्यावर चढले.